देवजीनं बसवलेला पडदा

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यातल्या एका अक्षरावरही तुमचा विश्वास बसणार नाही. बसला, तर माझा कर्णा उतरवा आणि त्यात खुशाल कोंबडी बसवा. तसं एकदा झालेलंही आहे. मोरा बंदरात एका उन्हाळ्यात एका कोंबडीनं माझ्या कर्ण्यात अकरा अंडी घातली, आणि त्यातून निघालेली पिल्लं चिवचिव करायच्या आधी बँडच्या तालावर पावलं टाकत बाहेर आली. हसा, हसा. मी म्हणालोच होतो.

मी एक जुना फोनो आहे. मला ग्रामोफोन म्हणू नका, राग येतो. ग्रामोफोन माझा धाकटा भाऊ. तो तबकडीवाला, मी नळीवाला. भाऊ देखणा होता, त्याचं नाव झालं, तो घराघरांत पोचला. पण त्याला एकच विद्या येते, बोलण्याची. मला दोन येत होत्या. मी ऐकायचोसुद्धा! पाणी प्यायच्या पेल्याएवढी मेणाची कोरी नळी माझ्यावर चढवायची, चावी द्यायची, कर्ण्यात तोंड घालून गायचं, की माझी सुई त्या मेणावर केसासारखी बारीक रेघ कोरत जायची. मग तीच नळी पुन्हा फिरवली, की तुमचं गाणं मी तुम्हालाच म्हणून दाखवायचो. शिंक आली असेल तर शिंकेसकट.

आज तुमच्या मीनाबाईंनी मला वाशीच्या या शाळेत आणून जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात बसवलं आहे. डावीकडे पितळेची समई, उजवीकडे धान्य मोजायची पायली, मध्ये मी. साल एकोणीसशे सत्त्याऐंशी, म्हणजे माझं वय ऐंशीच्या पुढं गेलं. पहिल्या रांगेतली ही दोन वेण्यांची पोर मघापासून माझ्या कर्ण्यात डोकावते आहे. गोजरा ना तू? वाशी गावातल्या देवजी कोळ्याची नात. तुझ्या आज्याचं नाव पुढं येणार आहे, बाळ. आणि मागं, दाराशी, छत्री टेकून उभ्या आहेत त्या खुर्शीदबाई. मी त्यांच्या घरचा. त्यांनीच मला इथं धाडलं. बसा म्हटलं तरी त्या बसत नाहीत.

तर माझा जन्म सातासमुद्रापार एका कारखान्यात झाला. लाकडाची जड पेटी, पोटात पोलादी कमान, डोक्यावर कमळासारखा उमललेला काळा कर्णा. खुर्शीदबाईंचे अब्बा खलाशी होते. आगबोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा टाकायचे. त्यांनी मला कुठल्याशा परक्या बंदरात एका भंगारवाल्याच्या दुकानात पाहिलं आणि कडेवर पोर घ्यावं तसं उचललं. येताना भर समुद्रात वादळ झालं. कप्तान घाबरला. अब्बांनी मला चावी दिली. मी एक सूर लावला मात्र, लाटा हातभर खाली बसल्या आणि बोयट माशांचा थवा बोटीला टेकून ऐकत राहिला. त्यातले दोन-चार मासे तर मोरा बंदरापर्यंत सोबत आले होते. पुढं त्यांचं कालवण झालं हा भाग वेगळा.

मोऱ्यात माझा थाट होता. लाँच सुटायच्या वेळी अब्बा मला ओट्यावर आणून बसवायचे आणि मुंबईला निघालेली माणसं तिकीट हातात धरून माझ्यापुढं उभी राहायची. लाँच भोंगा देऊन देऊन थकायची. शेवटी तांडेलच उतरून यायचा आणि तोही ऐकत बसायचा. बंदरातली पोरं माझ्या कर्ण्यात ओरडून पळायची. म्हाताऱ्या मला पदराआडून बघायच्या. त्यांना वाटायचं, पेटीत बुटका गोरा माणूस बसवलाय आणि त्याला जेवायला कोण घालतं याची त्यांना काळजी.

अब्बांकडे सात नळ्या होत्या. सहा भरलेल्या, विलायती बँडच्या. सातवी कोरी. ती त्यांनी जपून ठेवली होती.

आता जरा नीट ऐका. इथं मी कोंबडी आणणार नाही.

खुर्शीद दोन वर्षांची असताना तिच्या आईला खोकला लागला. तो जाईना. तेव्हाच्या त्या खोकल्याला फारसं औषध नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं. एका दुपारी तिनं अब्बांना सांगितलं, "ती कोरी नळी काढा." अब्बांनी काढली. ती माझ्यापुढं पाटावर बसली, पदर सावरला, आणि लेकीच्या हळदीला आईनं म्हणायचं गाणं तिनं माझ्या कर्ण्यात म्हटलं. लेक तेव्हा मांडीवर पायाचा अंगठा चोखत होती. तिच्या लग्नाला अजून पंधरा-सोळा वर्षं होती. पण त्या दिवशी आपण नसणार, हे त्या माउलीनं धरून ठेवलं होतं.

"हळद लागली लेकीला, सोनं चढलं अंगणाला,
खुर्शीद चालली नांदायला, चांद लागला गगनाला."

पावसाळ्याच्या आत ती गेली. मागं राहिली ती माझ्या नळीवर, केसाएवढ्या रेघेत. दोन मिनिटं.

मेणाच्या नळीची एक खोड असते, मित्रांनो. ती वाजवली की झिजते. सुई रेघेतून जाताना कणभर मेण खरवडून नेते. म्हणजे मी आवाज देत होतो, आणि देता देता तोच आवाज खातही होतो. अब्बांना हे कळलं तेव्हा त्यांनी नियम केला: वर्षातून एकदा, रमजान ईदच्या दुपारी, बस्स. ईदला शीरखुर्मा खाऊन झाला की खुर्शीद माझ्यापुढं येऊन बसायची. आई कशी दिसते ते तिला आठवत नव्हतं. आई कशी बोलते ते मात्र तिला माझ्याकडून कळलं. मी दर वर्षी तिला तिची आई दिली आणि दर वर्षी थोडी थोडी कमी करून दिली. त्याला माझा इलाज नव्हता, पण वाईट वाटायचं ते वाटायचंच.

तिच्या हळदीला मी वाजलो. अख्खा मोहल्ला रडला. मग ती तीन गल्ल्या सोडून सासरी गेली, तेव्हा दागिन्यांच्या डब्याआधी तिनं मला उचललं.

वर्षं गेली. अब्बा गेले. बँडच्या सहा नळ्या पोरांच्या हातून फुटल्या, सातवी तेवढी राहिली. रेडिओ आला आणि ओट्यावरून माझी बदली कपाटावर झाली. खुर्शीदला सईदा झाली, सईदा मोठी झाली. एकोणीसशे एकोणऐंशीत झहूरभाईंनी, म्हणजे खुर्शीदबाईंच्या यजमानांनी, वाशीला फ्लॅट घेतला. नोकरी महाप्याच्या कंपनीत, रोज मोऱ्याहून येणं-जाणं जमेना. इथं तेव्हा काय होतं? नव्या कोऱ्या बिल्डिंगा, मधे चिखल, आणि चिखलात हरवलेली एकेक चप्पल. सामान टेंपोत भरताना झहूरभाईंनी मला गोधडीत गुंडाळलं. हे चांगलं केलं. आणि वर पाटा-वरवंटा ठेवला.

"अहो, त्याच्यावर काय ठेवता?" खुर्शीदबाई ओरडल्या.

"काय होतंय? लाकूड हाय ते."

लाकडाला काही झालं नाही. माझा गळा फुटला.

गळा म्हणजे काय ते सांगतो. कर्णा आणि नळी यांच्यामध्ये खिशातल्या घड्याळाएवढी पितळी डबी असते. तिच्याखाली सुई आणि तिच्या आत अभ्रकाचा पातळ पडदा ताणून बसवलेला. सुई रेघेतून चालली की पडदा थरथरतो, आणि त्या थरथरीचा कर्ण्यात आवाज होतो. तुमच्या कानात असतो ना पडदा, तसाच. तो पडदा तडकला आणि मी मुका झालो.

इतर वर्षी हे चाललं असतं. पण त्याच वर्षी सईदाचं लग्न ठरलं. खुर्शीदबाईंनी एकच हट्ट धरला: "सईदाच्या हळदीला तिच्या नानीचं गाणं लागलं पायजे." त्यांचा भाचा इद्रीस कुवैतला होता. त्यानं कळवलं, मी टेपरेकॉर्डर घेऊन येतो, फोनो वाजेल तेव्हा गाणं कॅसेटमध्ये उतरवून घेऊ, मग नळी झिजायची चिंताच नको. म्हणजे फक्त एकदा, मित्रांनो. मी एकदा नीट वाजायचं, की ती माउली कायमची राहणार होती.

आधी मला सेक्टरातल्या नंदकिशोरकडे नेलं. तो रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं माझ्या कर्ण्यात बॅटरी मारून पाहिलं.

"काकू, टेन्शन घेऊ नका. याच्या आतलं सगळं काढून फेकतो आणि ट्रान्झिस्टर बसवतो. बाहेरून अँटिक, आतून विविध गाणी."

"आतलंच तर पायजे मला," खुर्शीदबाई म्हणाल्या, आणि मला काखेत मारून घरी आल्या.

शेवटी उपाय सापडला तो मासळीच्या पाटीशी. खुर्शीदबाई वाशी गावात खाडीकाठी मासळी घ्यायला जायच्या. तिथं देवजी कोळी बसायचा. लाँचचं इंजिन बिघडो, जाळं फाटो, कुणाचा ढोल मऊ पडो, सगळं देवजीकडं यायचं. तो घरी आला, माझ्यापुढं उकिडवा बसला, आणि डॉक्टरनं घसा बघावा तसं त्यानं माझ्या गळ्यात बघितलं.

"बाय, गला हाय, पन गल्यान परदा नाय."

"तेच तर. होईल का?"

"होल की. तुजी पोरगी ती माजी पोरगी. इस्तरीन अबरक आसतं, ता लावून बघतू."

इस्त्रीतलं अभ्रक जाड निघालं. कापायला गेला तर त्याचे पापुद्रे झाले. तेव्हा देवजीनं जे केलं ते तुम्ही ऐकलं नसेल. घोळ नावाचा मोठा मासा असतो, त्याच्या पोटात हवेची पिशवी असते. कोळी तिला भोत म्हणतात. वाळवलेला भोत परदेशी जातो, मोलाचा असतो. देवजीनं आपल्या घरचा राखून ठेवलेला भोत काढला.

"कांद्याच्या सालीवानी पातल करतू त्याला," तो म्हणाला. "पन घाई नको करू, बाय. सावलीन सुकवाला लागल. उन्हान ठेवला का तो आकसतो."

फक्त गळ्याची डबी रुमालात बांधून तो घेऊन गेला. मी बिनगळ्याचा घरी राहिलो.

आता गच्चीची गोष्ट. ही गमतीची आहे.

त्या पावसाळ्यात नव्या बिल्डिंगीच्या भिंतींना ओल आली होती. कपाटातल्या कपड्यांना वास, चपलांवर बुरशी. नळीवरही पांढरी बुरशी धरली. मोऱ्यात वाढलेल्या माणसाला बुरशीवर एकच औषध माहीत: ऊन दाखवणं. गाद्या असोत, पापड असोत, सुकी मासळी असो, पाऊस सरला की सगळं उन्हात. खुर्शीदबाईंनी ऑक्टोबरातल्या एका सकाळी गच्चीवर जवळा पसरला, उशा टाकल्या, मला आणून ठेवलं आणि नळी काढून माझ्या शेजारी उभी केली. वेड्या नव्हत्या त्या. मेण आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून नळी त्यांनी बरोबर माझ्या कर्ण्याच्या सावलीत ठेवली. वारा लागावा, ऊन लागू नये.

इतक्यात वरच्या मजल्यावरच्या जयमालाबाई आल्या. साताऱ्याकडच्या. त्यांच्या गोधड्या दोरीवर होत्या.

"खुर्शीदबाई! ही गच्ची सोसायटीची आहे, मोऱ्याचा धक्का नाही!"

"सोसायटीची म्हंजे माझी पन ना? का मी बिल्डिंगीच्या भायेर राहते?"

"अहो, गोधडीला वास लागला सगळा. आमच्या ह्यांनी काय रात्रभर नाक धरून झोपायचं?"

"तुमचे ह्ये परवा माझ्याकडनं वाटीभर जवल्याची चटनी मागून नेले, तवा नाक कुठं ठेवलेलं?"

जयमालाबाई गोधडी सोडून वळल्या. "कोण? आमचे हे?"

"भाकरी पन नेल्या दोन. तांदळाच्या."

"आणि मला सांगितलं ऑफिसात पार्टी होती! थांबा, तुम्ही चलाच खाली माझ्याबरोबर."

दोघी तरातरा खाली गेल्या. मग त्या बिचाऱ्या गृहस्थाची जी झडती झाली ती जिन्यात ऐकू येत होती. मग हसणं ऐकू आलं, कपबशांचा आवाज आला. मग लग्नाच्या साड्यांवरून विषय निघाला, आणि साड्यांचा विषय कधी लवकर संपलाय? मी गच्चीवर बसून होतो. माझा गळा देवजीकडं होता, नाहीतर मी हाक मारली असती. जीव तोडून मारली असती. कशाला म्हणता? अं... चहात आलं घाला म्हणून.

नळी? नळीला काय होतंय? सांगितलं ना, सावलीत होती ती. मी सावली धरून बसलो होतो. खुर्शीदबाई वर आल्या, त्यांनी नळी उचलली, पदरानं पुसली. बुरशी पार गेली होती. कशी गुळगुळीत, चकचकीत दिसत होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग ती डब्यात घालून डबा कपाटात ठेवला. जवळा तसाच राहिला होता, तो संध्याकाळी कावळ्यांनी नेला. पुढं चला.

नोव्हेंबरात हळद झाली. खालच्या मोकळ्या जागेत मांडव, बाया-बापड्या, मोऱ्याची अर्धी गल्ली, बिल्डिंगीतली झाडून सगळी माणसं. जयमालाबाई पुढं बसल्या होत्या. इद्रीसनं टेपरेकॉर्डर आणला होता, दोन चमकत्या फिरक्यांचा, आणि तो कुणालाही हात लावू देत नव्हता. मला टेबलावर बसवलं. देवजी धुतलेला सदरा घालून आला. रुमालाची गाठ सोडून त्यानं गळा बाहेर काढला. पडदा असा बसवला होता, की बघत राहावं. पारदर्शक, ताणलेला, एक सुरकुती नाही.

"बोलल का, देवजी?" झहूरभाईंनी विचारलं.

देवजी टेबलापाशी वाकला. त्यानं चिमूटभर मीठ मागितलं. ते त्या पडद्यावर भुरभुरलं, डबी तोंडाजवळ धरली आणि ओठ मिटून नुसता गुणगुणला. आणि काय सांगू! मिठाचे कण उड्या मारायला लागले. तो वर चढला की कण फेर धरायचे, खाली उतरला की थांबायचे. पोरांनी टाळ्या पिटल्या. सईदा पिवळ्या साडीत बसली होती, तीही टाळ्या वाजवायला लागली, तेव्हा तिला दटावलं, नवरीनं हात हलवायचे नसतात म्हणून.

"आता नळी आणा," झहूरभाई म्हणाले.

खुर्शीदबाई हळदीची वाटी घेऊन लेकीशेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आज राहू दे. मागनं लावू कधीतरी."

"अम्मी!" सईदा म्हणाली. "मागनं कधी? आजचाच तर दिवस हाय. वर्षभर तूच बोलतेस, नानीचं गानं, नानीचं गानं."

इद्रीसच कपाटातून डबा घेऊन आला.

देवजीनं नळी माझ्यावर चढवली. मला चावी दिली. इद्रीसनं बटण दाबलं आणि सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. मांडवात इतकी शांतता झाली, की तान्ही पोरंही थांबली. सुई टेकली.

सर्र... सर्र... सर्र.

कढईत पाण्याचा थेंब पडावा तेवढा आवाज. दुसरं काही नाही. देवजीनं सुई उचलून पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. दोन मिनिटं मी सर्रसर्र करत फिरलो, आणि शेवटी कुणीतरी पोर खुदकन हसलं.

देवजीनं मला थांबवलं. नळी काढून हातात घेतली. जाळ्याचा धागा चाचपावा तसं त्यानं तिच्यावरून नख फिरवलं, एकदा, सावकाश. मग मान वर करून त्यानं खुर्शीदबाईंकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नळी खाली ठेवली आणि म्हणाला, "माजा परदा कच्चा निंगाला. माज्याच परद्यानं गानं खाल्लं. माफी कर, बाय."

झाला प्रकार तो असा. मग लोकांना तोंड फुटलं. "माशाची पिशवी गाणार होती म्हणे!" "ज्याचं काम त्यानं करावं." इद्रीसनं टेपरेकॉर्डर बंद केला आणि म्हणाला, "चाचा, ती एकच नळी होती हो." झहूरभाई तर असे चिडले, की पाहुण्यांना त्यांना धरावं लागलं. "घासून घासून पुसलंस सगळं! हिच्या आईचा आवाज होता तो, आवाज!" देवजी उभा राहिला, हात जोडले, आणि मांडवात पान वाढलेलं असताना न जेवता निघून गेला.

पुढं देवजीकडं दुरुस्तीला कुणी काही आणेना. वाशी गावातही गोष्ट पसरली. ढोल पनवेलला जायला लागले. खाडीवरची पोरं त्याला 'भोत' म्हणून हाक मारायची आणि पळायची.  जाळं विणत बसायचा. तीन वर्षं झाली त्याला जाऊन.

मला परत कपाटावर ठेवलं. कुणी पाहुणा आला, की विचारायचा, हा वाजतो का? मग घरात गोष्ट सांगितली जायची: वाजायचा, पण एका अडाणी माणसाच्या हातात दिला आणि त्यानं नळीचा सत्यानाश केला. आठ वर्षं मी हीच गोष्ट ऐकली. ऐकता ऐकता मलाही ती पाठ झाली. मी नळीवाला, मित्रांनो. माझ्यात जे भरतात तेच मी म्हणतो.

म्हणून जाता जाता तुम्हाला हात जोडून एक विनवणी करतो. आम्ही जुन्या वस्तू मुक्या असतो. आमच्यात तुमच्या आजी-आजोबांचे जीव अडकलेले असतात. आम्ही मोडलो तर आम्हाला जाणत्या कारागिराकडं न्या. जो म्हणेल मला सगळं येतं, अशा वाटेवरच्या माणसाच्या हाती देऊ नका. देवजी माणूस मायाळू होता, मी नाही म्हणत नाही, पण त्याच्या त्या एका पडद्यापायी...

गोजरा, बाळ, मान खाली का घातलीस? वेणी सोड, तुटेल ती. तू लहान आहेस, तुझा काय दोष? दोष होता तो त्या पडद्याचा, आणि तो पडदा...

"खोटं बोलतो हा!"

सगळ्या मुलांच्या माना मागं वळल्या. खुर्शीदबाई दाराशी नव्हत्या. त्या बाकांच्या मधून पुढं येत होत्या, छत्री तिथंच पडली होती.

"खोटं बोलतो. कोंबडीचं खोटं, बोयटांचं खोटं, आणि हे तर सगळ्यात खोटं. नळी ठेवली तवा सावलीत होती. मी खाली चा पीत बसले आणि सावली सरकली. वर आले तवा मेण मऊ झालेलं आणि रेघ एकपन नव्हती. माझ्या बोटाला कळलं ते. हळदीच्या आधी महिनाभर मला ठावं होतं. मी कुनाला बोलले नाय."

मीनाबाई खुर्ची घेऊन पुढं आल्या. खुर्शीदबाई बसल्या नाहीत. त्या पहिल्या रांगेपाशी गोजराच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"पोरी, वर बघ. तुझ्या आज्याचा पडदा चांगला होता. त्यानं नळीवर नख फिरवलं आणि त्याला पन कळलं. मग तो माझ्याकडं बघत राहिला. मी बोलेन म्हणून थांबला होता तो. इतका वेळ थांबला. आणि मी खाली मान घालून सईदाला हळद लावत बसले."